राजेश्वरीचं नवं खातं

अलमेलूचा तेरावा उरकल्यावर राजेश्वरीला कळलं की आपली धाकटी बहीण गेली.

अलमेलूचं घर नाचियार्कोविलला, कुंभकोणमहून बसनं अर्ध्या तासावर. शेवटचे दोन दिवस ती "अक्कास बोलवा" एवढंच म्हणत होती. तिच्या मुलीनं, नित्यानं, चारदा फोन केला. राजेश्वरीकडे फोन नव्हता. ती कुंभकोणमला राहायची भाच्याकडे, कल्याणरामकडे, आणि फोन त्याच्याच खिशात असायचा. त्यानं चारही वेळा तेच सांगितलं, "आत्यास आता माणूस ओळखू येत नाही. आणून उपयोग नाही."

त्याला भीती होती ती एकच. म्हातारी बहिणीकडे गेली की तिथेच राहील, आणि तिच्यामागून पेन्शनही जाईल.

राजेश्वरी ब्याऐंशी वर्षांची, मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेली. खातं तिच्या नावावर, पण पासबुक, कार्ड आणि बँकेचे मेसेज सगळं कल्याणरामकडे. चष्मा बदलायचा तरी त्याच्याकडे मागावं लागे. नित्यानं येऊन खरं काय ते सांगितलं तेव्हा ती रडली नाही, भांडलीही नाही. रोज त्याच्या पंक्तीला बसून मुकाट्यानं भात कालवत राहिली. माणूस ओळखू येत नाही म्हणतोस, तर ओळखून दाखवते, असं मात्र प्रत्येक घासाला मनात म्हणायची.

पुढे कल्याणरामची साठी ठरली. होम, दोनशे पानं, नाचियार्कोविलहून आणलेला उंच पितळी दिवा. हे सारं कुणाच्या जिवावर, ते तिला न सांगता समजलं.

प्रदोषाला देवळात जाते सांगून ती घराबाहेर पडली. कोपऱ्यावर नित्या रिक्षा घेऊन उभी होती. पहिल्या दिवशी त्यांनी सिमकार्ड घेतलं आणि दुसऱ्या बँकेत एकटीच्या नावानं खातं उघडलं. पुढच्या प्रदोषाला पेन्शनचं पुस्तक, आधार आणि नव्या पासबुकाची झेरॉक्स घेऊन, पेन्शन नव्या खात्यात वळवण्याचा अर्ज द्यायला ट्रेझरीत, म्हणजे सरकारी कोषागारात, गेल्या. सही जुळली नाही तर अर्ज परत येईल, म्हणून राजेश्वरीनं कॅलेंडरच्या पाठीमागे आठवडाभर सही गिरवली होती.

खिडकीतल्या बाईनं आजी म्हणून हाक मारत तमिळमध्ये विचारलं, "पाट्टी, जुन्या खात्याला काय झालं?"

"ते माझं नव्हतं," राजेश्वरी म्हणाली. सही एका दमात केली.

बाहेर आल्यावर नित्या म्हणाली, "मावशी, आजच चल माझ्याकडे. त्यास मी सांगत्ये काय ते."

"नको. साठी होऊ दे."

साठीच्या सकाळी होम आटोपला, पाहुणे ओसरीत बसले आणि आचारी स्वामीनाथ उरलेली रक्कम मागायला आला. कल्याणराम एटीएमवर जाऊन आला तो घामाघूम. सासरची माणसं बघत होती. तो राजेश्वरीपाशी वाकला.

"आत्या, या महिन्याची पेन्शन आली नाही."

"आली की. माझ्या नव्या खात्यात."

मग तो हळूच म्हणाला, "आता तेवढं देऊन टाक. माझी लाज जाते आहे."

"अलमेलू मरत होती तेव्हां नित्यास फोनवर काय सांगितलंस, ते इथे सांग. सगळ्यांस ऐकू जाईल असं."

कल्याणरामनं बायकोकडे पाहिलं, तिनं मान वळवली. शेवटी तो म्हणाला, "आत्यास माणूस ओळखू येत नाही, असं सांगितलं."

"किती वेळा?"

"चार."

राजेश्वरी काठी घेऊन उठली. सगळ्या घरानं तिला ताठ उभं राहिलेलं बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"आणि पैसे?" तो म्हणाला.

"ते तुझे तू बघ. मी देत्ये असं कुठे म्हटलं?"

नित्या कोपऱ्यावर रिक्षा घेऊन थांबली होती; दोघी नाचियार्कोविलला निघाल्या तशी ती रडू लागली. राजेश्वरीनं तिला रडू दिलं. स्वतःलाही वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, पण तसं काही वाटलं नाही. अलमेलूच्या घरी पोचल्यावर तिनं दोनदा रसम-भात मागून घेतला आणि पंख्याखाली गाढ झोपली.

संध्याकाळी कुंभकोणमहून, साठीला गेलेल्या एका नातेवाइकाचा, नित्याला फोन आला. स्वामीनाथला द्यायला कल्याणरामनं भर पंगतीतून उठून सासऱ्यापुढे हात पसरला होता. नित्यानं ते मावशीला सांगितलं.

"सासरा काय म्हणाला?" राजेश्वरीनं विचारलं, आणि उशीला टेकून बसत म्हणाली, "पहिल्यापासून सांग."