स्वखुशीने

"पुकारा होईपर्यंत इथून हलू नका," वकीलबाई म्हणाल्या. "आणि घरी कोण आहे?"

"आमचे हे आहेत."

"आतच बसायला सांगितलंय ना? माणूस घरात असला की ताबा आपला. स्थगिती मिळेपर्यंत एवढंच सांभाळायचं."

सांगितलं होतं. निघताना उंबऱ्यात उभी राहून बजावलं होतं, "आभाळ कोसळलं तरी जागचे उठू नका." ते "बरं" म्हणाले. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक बोलण्याला ते बरंच म्हणत आलेत, त्यामुळे त्या बरं-चं वजन किती धरायचं हे मला अजून कळलेलं नाही.

रस्ता रुंद करायचा म्हणून आमची घरांची अख्खी ओळ पाडायचं ठरलं. रस्ता कुणाला नको असतो? पण आम्ही जायचं कुठं, यावर सगळ्या साहेबलोकांची दातखीळ बसलेली. आज पाडायचं यंत्र येणार असं कळलं, तशी सगळ्या ओळीच्या वतीनं मी न्यायालयात धावले, कारण मला चार माणसांत बोलता येतं.

ह्यांना नाही येत. हे सामान हलवणारे. लोकांची बिऱ्हाडं या घरातून त्या घरात नेता नेता पाठ वाकली, पण कुणाची कपबशी फुटू दिली नाही, हा त्यांचा एकुलता एक ताठा. शेवटची गाठ मारली की हात झटकायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, "बोला, कुठं पोचवायचं?" नवी नवरी असताना मी त्यांचा डबा बांधून याच सुरात विचारायची. ते लाजायचे.

पुकारा झाला तेव्हा दुपार कलली होती. वकीलबाई पोटतिडकीनं बोलल्या. न्यायाधीश मान हलवत होते, तसतसा माझ्या जिवात जीव येत होता. पुढच्या तारखेपर्यंत पाडकामाला स्थगिती, असं ते म्हणाले आणि मी बसल्या जागी हात जोडले.

तेवढ्यात सरकारी वकील उठले. "यातल्या एका घराचा प्रश्नच उरलेला नाही. तिथल्या रहिवाशानं स्वखुशीनं घर रिकामं करून दिलंय."

त्यांनी फोन पुढे केला. वकीलबाईंनी पाहिला आणि माझ्यासमोर धरला. फोटोत आमचे हे होते. कपाळाला ओझं पेलायचा पट्टा, पाठीवर आमचं काचेचं कपाट. पुढच्या फोटोत आमची खोली, रिकामी आणि झाडून काढलेली. झाडूनसुद्धा.

"दमदाटी केली असणार हो त्यांना," मी म्हणाले. पण फोटोत दमदाटी कुठं दिसत नव्हती. पाडकामाचा साहेब बाजूला उभा राहून वाट करून देत होता. न्यायाधीशांनी आमचं घर आदेशातून वगळलं. भरपाईचं पुढच्या तारखेला बघू, असं अगदी मायेनं म्हणाले. भांडायचं तरी कुणाशी?

परतले तर ओळ उभी होती आणि आमच्या जागी विटांचा ढीग होता. शेजारीण मला बघून आत गेली. तिचं घर माझ्या धावपळीनं वाचलं होतं.

रस्त्याच्या कडेला हे सामानाला दोर आवळत होते.

"अहो, काय करून बसलात?"

"आतच बसलो होतो गं. खरंच. पण पाडायला आलेली पोरं कपाट आडवं करून उचलायला लागली. काच राहिली असती का? म्हटलं, हात लावू नका, मी काढतो. साहेब चांगला होता. मामा, सावकाश करा, म्हणाला."

"आणि झाडून कशाला काढलंत?"

"रिकामं घर घाण ठेवून कसं द्यायचं?"

स्वतःचं कपाळ बडवून घ्यावं की त्यांचं फोडावं, मला कळेना. मी कपाटावरून हात फिरवला. ओरखडासुद्धा नव्हता.

"स्थगिती मिळाली?" त्यांनी विचारलं.

"मिळाली. आपलं घर सोडून."

त्यांनी दोराचं मोकळं टोक हातावर गुंडाळलं. मग "बरं" म्हणाले आणि खाली वाकले. शेवटची गाठ मारली, ओढून पाहिली. उठले, हात झटकले. सवयीनं माझ्याकडे वळून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं.