पोपट, डब्ल्यू. एच.

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पत्रिकेत आईला एक ओळ हवी होती: ‘पक्षी-अभ्यासक, ज्यांच्या लेखाची परदेशात दखल घेतली गेली.’ बाकीचा मजकूर मी एका बैठकीत लिहिला. ती ओळ मात्र माझ्या हातून उतरेना.

बाबा, हिंमतराव वासनिक, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते. क्वार्टर्समागच्या दगडी भिंतीला पाणी निचरायची भोकं होती, त्यांत पोपट घरटी करत. ड्युटीवरून आले की बाबा सायकल लावायच्या आधी भोकं मोजून येत. त्यावर त्यांनी इंग्रजीत तीन पानांचा लेख लिहिला, तो एका नियतकालिकात छापून आला आणि पुढे परदेशातही वाचला गेला, असं ते सांगत. घर बदलताना अंक हरवला, सांगणं तेवढं राहिलं. आईचा धाकटा भाऊ संजयमामा दर भेटीत विचारायचा, “काय भाऊजी, पोपट काय म्हणतात?” एकदा पाहुण्यांसमोर मीही म्हणाले होते, “बाबा, पुरे आता.” ते लगेच थांबले होते.

“छापायचं तर पुरावा हवा,” मी आईला म्हणाले.

“कोणाला हवाय? संजयला की तुला?”

रविवारी सकाळी माझी मैत्रीण नम्रता हिला बोलावलं. ती एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि चहा मिळेल तिथे सल्ला देते. तिनं माझ्या लॅपटॉपवर गूगल स्कॉलर उघडून दिलं. यात फक्त अभ्यासकांचे लेख आणि शोधनिबंध सापडतात.

मी बाबांचं नाव टाकलं. वासनिक, एच. पी. मग डब्ल्यूऐवजी व्ही घालून पाहिला. एक हाडांचे डॉक्टर निघाले, एक सिमेंटवाले निघाले, तुरीवरच्या किडीचे तज्ज्ञ तर दोन. बाबा कुठेच नाहीत.

“अगं, हा काय सोसायटीचा वॉचमन आहे, नाव सांगितलं की फ्लॅट दाखवायला?” नम्रता म्हणाली. “विषय टाक. गाव टाक.”

पोपट, घरटी, खडकी, सगळं इंग्रजीत टाकलं. काही नाही. मी लॅपटॉप मिटायला घेतला.

“खडकीचं स्पेलिंग काय केलंस?” नम्रतानं विचारलं.

“के, एच, ए...”

“हे कुठे तसं लिहायचे?” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. “पगाराच्या स्लिपवर किर्की असायचं. गावाला पत्र धाडलं तरी पाठवणाऱ्याचा पत्ता किर्कीच.”

मी किर्की टाकलं. एकच लेख आला. ‘किर्की येथील दगडी भिंतींतील पोपटांची घरटी’, १९८८. पानं तीन. लेखकाचं नाव: पोपट, डब्ल्यू. एच.

“पोपटांवर पोपटानंच लिहिलंय?” नम्रता म्हणाली. “घरचाच अभ्यासक दिसतोय.”

माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आवरेना. कारखान्याच्या कागदांवर आडनाव आधी असे: वासनिक हिंमतराव पोपट. बाबांनी लेखावरही तसंच लिहिलं असणार. छापणाऱ्यांनी शेवटचा शब्द आडनाव धरला. पोपट हे माझे आजोबा. भंडाऱ्याकडे विड्या वळायचे. कागदावर अंगठा उठवण्यापलीकडे त्यांचा लिहिण्याशी संबंध आला नव्हता.

लेखाखाली आकडा होता: सात जणांनी संदर्भ दिलेला. नम्रतानं त्यावर क्लिक केलं. माद्रिद, ब्रुसेल्स, आणखी कुठलीशी शहरं. तिकडेही हे पोपट भिंतींत राहायला लागले होते. एका निबंधातलं वाक्य मी आईला मराठीत करून सांगितलं: ‘पोपट यांच्या काळजीपूर्वक केलेल्या नोंदींनुसार...’

आई ओले हात पदराला पुसत माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. “काळजीपूर्वक, असं लिहिलंय?”

“असंच लिहिलंय.”

“त्यांना मेल टाकला तर नाव दुरुस्त करतील,” नम्रता म्हणाली.

आईनं जरा विचार केला. “नको. मामंजींना सही येत नव्हती. राहू दे त्यांचं नाव. यांनाही आवडलं असतं.”

मी पत्रिकेत ती ओळ लिहिली. खाली बारीक अक्षरात संदर्भ दिला: पोपट, डब्ल्यू. एच., १९८८.

स्मृतिदिनाला बुद्धवंदना झाली, खीर वाटायला घेतली. संजयमामानं पत्रिका वाचली, चष्मा काढून परत वाचली. मी त्याला सगळं सांगितलं.

“म्हणजे ताई,” तो म्हणाला, “शेवटी भाऊजींचा पोपटच झाला!”

खीर वाढणारे हात थांबले. सगळे आईकडे पाहायला लागले.

“झाला ना,” त्याच्या वाटीत खीर घालत आई म्हणाली. “सात वेळा झाला. परदेशात.”

सगळ्यांत मोठ्यानं मामाच हसला. जाताना त्यानं आणखी दोन पत्रिका मागून घेतल्या.