दांडीवर राहिलेली सायकल

गणराजनं इकडंतिकडं पाहिलं आणि पायाच्या अंगठ्यानं शेजारचा निळा क्रेट हळूच वीतभर मागं ढकलला. मग आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून तो खाली बसला आणि आपला टॉवेल पुन्हा नीट अंथरू लागला.

क्रेट विनेशचा होता. विनेश म्हणजे सख्खा चुलतभाऊ, आणि चार वर्षं झाली, दोन्ही घरांत बोलणं नाही. गणपतीतसुद्धा इकडचा माणूस तिकडं आरतीला जात नाही. इतकं झाल्यावर माणसानं निदान शेजारी तरी येऊ नये, पण आला.

काशीदच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनामागच्या मैदानात लोखंडी दांड्या रांगांनी उभ्या केल्या होत्या. नुकतं फटफटलं होतं. शर्यत तीन टप्प्यांची: आधी समुद्रात पोहायचं, मग सायकलनं मुरूडच्या रस्त्याला जाऊन यायचं, मग धावायचं, आणि एकातून दुसऱ्यात जाताना चढवायचं-उतरवायचं ते सगळं इथं. प्रत्येकाची सायकल सीटवर दांडीला अडकवलेली, तिच्या चाकाशेजारी हातभर जागा, त्या जागेत हेल्मेट, बूट, मोजे. बस्स. एवढ्याशा जागेवरून शहाणा माणूस भांडेल का? पण गणराज त्या दिवशी शहाणपण घरी ठेवून आला होता.

संयोजकांनी नंबर दिले ते आडनावावरून. घरत गणराज, त्याच्या पुढं घरत विनेश. हे दोन घरत एका दांडीला टांगले तर काय होईल हे पेणच्या खाडीकडच्या त्यांच्या गावात शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. संयोजक पडले मुंबईचे. त्यांना काय ठाऊक!

भांडण बांधाचं. गणराजचा बाप काळूराम आणि विनेशचा बाप दादू, दोघांची शेतं लागून, मध्ये एक बांध. काळूरामचं म्हणणं, दादूनं वर्षानुवर्षं तो बांध कोरला. आगऱ्याच्या घरात जन्मलेल्याला बांध कोरणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. यंदा कुदळीनं चार बोटं माती ओढायची, पुढल्या वर्षी चार बोटं, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि एक दिवस आपल्या भाताची अख्खी ओळ दुसऱ्याच्या खळ्यात जाते. सरकारी मोजणी झाली आणि ती दादूच्या बाजूनं लागली. तेही एक वेळ पचलं असतं. पण कचेरीत उभं राहून, ‘बांध पयल्यापास्नं हितंच हाय,’ असं सांगितलं ते विनेशनं. ज्याच्या बरोबरीनं गणराजनं लहानपणी दर मे महिन्यात तोच बांध चिखलानं लिंपला होता, त्या विनेशनं. ते गणराजला तेव्हा झोंबलं आणि आजही झोंबत होतं.

आणि आता हा क्रेट. गणराजनं नीट लक्ष ठेवलं होतं. तो हवा भरायला वाकला की क्रेट जरासा अलीकडं यायचा. तो पोहण्याचा चष्मा पुसायला वळला की आणखी जरासा.

विनेश पोहण्याची टोपी हातात घेऊन आला. त्यानं क्रेटकडं पाहिलं, मग गणराजच्या वाळू लागलेल्या अंगठ्याकडं पाहिलं.

“सरकवलास व्हय?”

“माझ्या हद्दीत आला होता.”

“हद्दीत!” विनेश हसला, पण डोळे काही हसले नाहीत. “मध्ये बांध घालू काय?”

“घाला की. तुमीच घालायचा न् तुमीच कोरायचा. सवय हाय तुमाला.”

गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी लगबगीनं आली. रांगांवर देखरेख करायला संयोजकांनी तिला उभी केली होती; ओळखपत्रावर नाव होतं नूतन. “काही प्रॉब्लेम आहे का सर?”

“न्हाय,” दोघं एकदम म्हणाले. चार वर्षांत दोन्ही घरांचं एवढं एकमत पहिल्यांदाच झालं असेल.

विनेशनं पिशवीतून एक लालभडक पंचा काढला आणि दांडीला, बरोब्बर दोघांच्या मध्ये बांधला. पाण्यातून धापा टाकत आल्यावर शेकडो सायकलींत आपली सायकल सापडावी म्हणून जो तो अशी काहीतरी खूण करतोच. कुणी फुगा बांधला होता, कुणी पोराची टोपी. पण गणराजच्या मनात पाल चुकचुकली. ही खूण आपल्या डोळ्यांत भरावी म्हणूनच बांधली असेल. आपण हिच्यावर विसंबायचं, आणि हा आपल्या आधी येऊन सोडून नेणार, नाहीतर चार सायकली पलीकडं बांधून जाणार. मग बसा शोधत! छे, असल्याची खूण धरण्यात अर्थ नाही.

तो समुद्राकडच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथून पुन्हा आत चालत आला. फाटकातून सरळ, उजव्या हाताला पाण्याची टाकी, टाकीच्या रेषेत वाकडा सुरू, सुरूपाशी डावीकडं. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा येताना त्याला दिसलं की विनेश उकिडवा बसून दोन्ही सायकलींच्या मधे कसलंतरी चाचपतोय.

“काय शोधतोस?”

“मोजा पडला माझा.”

मोजा खरंच त्याच्या हातात होता. पण मोजा काय, पाडलाही असेल मुद्दाम.

दोरीच्या पलीकडं गणराजची बायको कल्पिता उभी होती. तो तिच्यापाशी गेला.

“माझ्या सायकलीवर नजर ठेव.”

“अरे, इथून काय दिसतंय मला? आणि तो पण पाण्यातच जाणार ना तुझ्यासंगं?”

“तो माझ्या आधी बाहेर येतो.”

हे मात्र सोळा आणे खरं होतं. दोघंही पोहायला शिकले गावच्या उघाडीपाशी, खाडीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांधलेल्या त्या दरवाजाखालच्या डोहात. तेव्हापासून आजतागायत गणराज विनेशच्या आधी पाण्याबाहेर आलेला नव्हता. एकदाही नाही. त्याची सगळी भिस्त सायकलवर. पाण्यात फार मागं पडायचं नाही आणि मुरूडच्या रस्त्यावरच्या चढाला विनेशला गाठायचं, एवढाच त्याचा बेत. म्हणून तर सायकलीला एवढं जपायचं.

“आबांना फोनवर दाखवणार हाय मी,” कल्पिता म्हणाली. “पहाटेपास्नं उठून बसलेत.”

आबा म्हणजे काळूराम. मोजणीचा निकाल लागल्यापासून म्हाताऱ्यानं शेताकडं पाऊल टाकलं नव्हतं. पडवीत बसायचा आणि समोरून दादू गेला की भिंतीकडं तोंड करायचा. गणराजच्या या पोहण्या-धावण्याची आजवर त्यानं थट्टाच केली होती, ‘पोटाला मिळतं म्हनून हे सुचतं.’ पण विनेशनंही नाव दिलंय असं कळलं आणि काल निघताना त्यानं गणराजचा हात धरला. ‘नंबर बिंबर काय नको मला,’ तो म्हणाला होता. ‘त्याच्या फुडं ये. एकदा त्या घराच्या फुडं ये, बास.’ बापाचा हात इतका हलका झालाय हे गणराजला तेव्हाच कळलं, आणि रात्रभर त्याला दुसरं काही सुचलं नाही.

भोंगा वाजला. सगळे पाण्यात शिरले.

समुद्र चांगलाच खवळलेला होता. लाट तोंडावर यायची, खारं पाणी नाकात जायचं, आणि पुढं वळणाची खूण म्हणून उभी केलेली पिवळी होडी दिसेनाशी व्हायची. गणराजनं विनेशला शोधायचा प्रयत्न केला, पण सगळ्यांच्या टोप्या सारख्याच. गेला असेल पुढं. आता आपल्या सायकलीपाशी पोचलासुद्धा असेल. या विचारानंच त्याचे हात भरभर चालायला लागले. किनारा लागला तसा तो धडपडत उठला आणि वाळूतून धावत सुटला. फाटक, टाकी, वाकडा सुरू, डावीकडं.

त्याची सायकल जागच्या जागी होती. आणि शेजारी विनेशची सायकल. तीही जागच्या जागी, दांडीला लटकत.

गणराजला आधी वाटलं, आपण चुकीच्या रांगेत आलो. मग लाल पंचा दिसला. निळा क्रेट दिसला. विनेशचे बूट कोरडे ठणठणीत, मोजे गुंडाळीतच. अरे वा! म्हणजे विनेश मागं पडला! गणराजला असा आनंद झाला की तो एकटाच मोठ्यांदा हसला. हेल्मेट डोक्यावर चढवून त्यानं पट्टा आवळला.

पट्टा आवळतानाच मनात शंकेनं पुन्हा उचल खाल्ली. विनेश मागं पडेल कसा? यात नक्की काहीतरी डाव आहे. पण कसला डाव? सायकल इथं सोडून माणूस पुढं जाणार कसा? त्यानं आजूबाजूला नजर टाकली. एक पोट सुटलेले गृहस्थ आले, सायकल घेऊन गेले. मागोमाग एक बाई आल्या, त्याही गेल्या. विनेशनं एका हातानं पोहून मागं टाकावीत अशी माणसं येत होती आणि जात होती. दांडी रिकामी होत चालली होती.

“नूतन,” त्यानं हाक मारली, “ही सायकल. हा आला होता का इथं?”

“नाही सर. तुम्ही निघा ना, तुमचा वेळ जातोय.”

गणराजनं सायकल दांडीवरून काढली. दोन पावलं गेला. पुढं पाऊल उचलेना. चार वर्षं या माणसाचं तोंड बघायला नको असं तो म्हणत आला होता, आणि आता ते तोंड फाटकात दिसावं म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. विनेश बुडाला असेल. हे शब्द मनात आले आणि तो मागं वळला. त्यानं सायकल परत दांडीला अडकवली.

“बोटीवाल्यांना विचार,” तो नूतनवर जवळजवळ ओरडलाच. “घरत, विनेश घरत! विचार लवकर!”

ती घाबरून वॉकीटॉकीवर बोलू लागली. पलीकडून खरखर आली, वाऱ्याचा आवाज आला, मग कुणीतरी म्हणालं की एक जण मघाशी होडीला धरून होता, पायात गोळा आला होता त्याच्या, पण तो कोण ते माहीत नाही, आणि आता तिथं नाही.

“आता तिथं नाही म्हणजे?” गणराज म्हणाला. नूतन पुन्हा वॉकीटॉकीचं बटण दाबू लागली.

“अरे!” दोरीपलीकडून कल्पिता हात हलवत होती, दुसऱ्या हातात फोन. “उभा का राहिलायस? पळ ना! आबा विचारतायत, का थांबला!”

“विनेश आला न्हाय अजून!”

तिनं फोन तोंडाशी नेला आणि काहीतरी बोलली. मग फोन कानाशी धरून उभी राहिली.

“काय म्हणतात?”

“काय बोलतच न्हायत,” ती म्हणाली. “पण फोन ठेवला न्हाय.”

विनेशच्या सायकलीपासून समुद्राकडचं फाटक नीट दिसत होतं, म्हणून गणराज तिथं जाऊन उभा राहिला. उभं राहवेना तसा तो खाली बसला. विनेशचं हेल्मेट पालथं होतं ते त्यानं सरळ केलं, पट्टे उलगडून ठेवले. बुटांची तोंडं उघडून ठेवली. आल्याबरोबर पाय घालता यावेत. येऊ दे नुसता. मग सायकलीच्या सीटवर हात टेकून तो उठला, आणि उठता उठता त्याला फाटकात विनेश दिसला.

एक पाय ओढत येत होता. ओठ निळे पडले होते, खांदे थरथरत होते, पण येत होता.  गणराजनं दुसरा हात वर केला, हाक मारायला तोंड उघडलं, पण चार वर्षं त्याच्या तोंडावर न घेतलेलं नाव चटकन ओठांवर येईना.

विनेश येता येता थांबला. त्यानं आपल्या सीटवरचा गणराजचा हात पाहिला. सरळ केलेलं हेल्मेट पाहिलं. उघडे बूट पाहिले.

“तू अजून हितं?”

“थांबलो.”

“कशाला?”

तुझ्यासाठी, एवढंच म्हणायचं होतं. गणराजनं हात सीटवरून काढून घेतला. 

विनेशनं बूट उचलून उलटे झटकले, आत बोटं घालून पाहिली, मग पाय घातले. हेल्मेट आतून चाचपून डोक्यावर ठेवलं. मग सायकलीच्या कडीतली पाण्याची बाटली काढली. टोपण उघडून वास घेतला. बाहेर ऊन चढलं होतं, पुढं मुरूडचा चढ होता, आणि वाटेत पाणी कुठं मिळेल याचा भरवसा नव्हता. विनेशनं गणराजकडं एकदा पाहिलं आणि बाटली वाळूत उलटी केली. थेंबन्थेंब गळेपर्यंत धरून ठेवली. मग रिकामी बाटली कडीत खोचून, सायकल काढून, लंगडत तो बाहेरच्या फाटकाकडं धावला.

“आबा विचारतायत,” कल्पिता ओरडली, “आला का विनेश?”

गणराज ओल्या वाळूकडं पाहत होता.

“आला,” तो म्हणाला. “सांग त्यांना, सुखरूप आला.”