हिरव्या दिव्यामागचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. पडद्यावर माझ्या नावापुढे हिरवा दिवा लागलेला दिसेल. कृपा करून त्याच्यावर विश्वास ठेवू नका!

रुग्णालयाच्या संगणक विभागातल्या ताईंनी मला लिहिलं, तेव्हा मी जेमतेम चाळीस ओळींचा होतो. काम एकच. ठरलेल्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली की मशीन मला हाक मारायचं आणि मी तिचं नाव यादीत चढवायचो. वॉर्डातली यंत्रं फक्त ती यादी वाचतात. यादीत नाव नाही, तर त्यांच्या लेखी फाइलच नाही. सुरुवातीला मी इतका उतावळा होतो, की अर्धवट आलेली फाइलही चढवून मोकळा व्हायचो. "अरे बाबा, पूर्ण तरी येऊ दे!" म्हणत ताईंनी मला थांबायला शिकवलं. पुढे नऊ वर्षं मी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला.

मग ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या तंत्रज्ञांनी अकरा दिवसांपूर्वी तो फोल्डर दुसऱ्या मशीनवर हलवला. इथून तो पूर्वीसारखाच दिसतो, पण तिथे फाइल आली तरी मला हाक येत नाही.

आज सकाळी सलाइनच्या पंपांसाठी दुरुस्तीची फाइल आली. मला पत्ताच नव्हता! दुपारी वॉर्डातल्या सिस्टर धापा टाकत खाली आल्या, तेव्हा कळलं.

"दादा, बाराच्या बारा पंपांना दुरुस्ती पोचलेलीच नाही. सहा नंबरच्या आजोबांचा पंप बंद पडला, भोंगा वाजलाच नाही. माझं लक्ष गेलं म्हणून निभावलं!"

"अहो सिस्टर, हे बघा ना, हिरवं आहे. चालू आहे तो."

"चालू आहे, मग करतोय काय?"

तंत्रज्ञांनी माझी नोंदवही उघडली. शेवटची नोंद अकरा दिवसांपूर्वीची. त्यांनी मला स्वतः चालवलं आणि पाच मिनिटांत बाराही पंपांना दुरुस्ती पोचली. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

"झालं बघा," वही बंद करत ते म्हणाले. "भोंग्याची उरलेली दुरुस्ती उद्या येईल, ती जाईल आपोआप."

आपोआप! मित्रांनो, कुणीतरी थांबवा हो त्यांना. मला ओरडता येत नाही. उद्या फाइल येईल आणि मी इथे ठार बहिरा बसून राहीन. माझी काळजी असेल, तर मी चालू आहे का, असं विचारू नका. कुणी न चालवता, स्वतःहून शेवटचं काम कधी केलंस, ते विचारा. आणि आजच विचारा. सहा नंबरचे आजोबा अजून त्याच पंपावर आहेत.