तेरा अंशांवरची काडी

मित्रांनो, मी तुमच्या आजोबांच्या वयाचा असेन, आणि एवढ्या आयुष्यात एक शब्दही बोललेलो नाही. मला बोलता येत नाही, फक्त दाखवता येतं. मी फळांच्या शीतगृहातला जुना तापमापक. सध्या न्यायालयाच्या तळघरात, लोखंडी मांडणीच्या तिसऱ्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून आहे. पिशवीच्या तोंडाला लाखेचं सील आहे. एका बाजूला मोडकी सायकल, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी सुटकेस. खटल्यात दाखवायच्या आम्हा सगळ्या वस्तूंना इथे 'मुद्देमाल' म्हणतात. नाव विचारायची इथे पद्धत नाही. गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, झालं.

मला एका काच फुंकणाऱ्या बाईंनी घडवलं. ज्योतीवर धरून त्यांनी माझी नळी वाकवली, तिच्यात पारा भरला, आणि मला आधी बर्फात आणि मग कोमट पाण्यात बुडवून माझे आकडे तपासले. लाकडी पट्टीवर बसवताना म्हणाल्या, "खोटं दाखवायचं नाही हं." त्या प्रत्येकाला हेच सांगत. मी मात्र ते माझ्यासाठीच आहे असं धरून चाललो.

माझ्या पोटात काय आहे ते आधी सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. माझ्या नळीला दोन भुजा आहेत, आणि प्रत्येकीत पाऱ्याच्या टोकावर लोखंडाची एक बारीक काडी आहे. खोली तापली की उजव्या भुजेतला पारा वर चढतो आणि काडीला पुढे ढकलतो. खोली गार झाली की पारा मागे फिरतो, पण काडी जिथे पोचली तिथेच अडकून राहते. डावी भुजा थंडीचं असंच लक्षात ठेवते. म्हणजे पारा आत्ताचं सांगतो, आणि काड्या होऊन गेलेलं सांगतात. बाहेरून लोहचुंबक फिरवून काड्या खाली आणल्या, की माझी पाटी कोरी.

शीतगृहात मी बावीस वर्षं मागच्या भिंतीवर होतो. दररोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भांडार सांभाळणाऱ्या ताई यायच्या. काड्यांची खालची टोकं वाचायच्या, आकडे नोंदवहीत लिहायच्या, चुंबकाने काड्या पाऱ्यावर आणून टेकवायच्या. मालक शेजारी उभे राहून सही करायचे. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "माणसं चुकतील, हा चुकणार नाही." तेव्हा मला किती अंश ऊब वाटायची ते कुठल्याच काडीला दाखवता आलं नाही.

मालकांचा एक नियम होता. शीतगृहाचं दार उघडं दिसलं की लावायचं. जो कोणी जवळून जात असेल त्याने, लगेच. "आत डोकावत बसू नका. तुम्ही डोकावता तेवढ्यात माझा गारवा निघून जातो." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांचा कोट दारात सापडला, तरी नियम बदलला नाही. सगळ्यांचे हात इतके सरावले होते, की बोलता बोलता, हसता हसता दार लावून लोक पुढे जायचे.

पण दाराचा आतला खटका मोडला. आतून दार उघडेना. मग माणसांनीच एक रीत पाडली. आत जाणाऱ्याने उंबऱ्यात रिकामी पेटी आडवी ठेवायची. पेटी दिसली की दार लावायचं नाही. मालकांना ती पेटी आवडायची नाही. ताई तीन महिने खटक्यासाठी त्यांच्या मागे लागल्या होत्या.

"अहो, माणूस आत राहिला तर?"

"पेटी आहे ना तुमची."

"पेटी म्हणजे खटका नव्हे, मालक."

"ताई, तुमचं तोंड त्या गारव्याच्या यंत्राला लावलं तर वीज लागायची नाही मला."

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. "एक दिवस तुम्हीच आत अडकाल, मग कळेल," असं म्हणून त्या तावातावाने निघून गेल्या. हे वाक्य आठ जणांनी ऐकलं.

त्याच संध्याकाळी सहाला पारा दोन अंशांवर होता. ताईंनी काड्या खाली आणल्या, मालकांनी सही केली, दोघं एकमेकांशी न बोलता बाहेर पडले. ताईंनी दार लावलं. पुढे जवळजवळ तासाभराने दार पुन्हा उघडलं. मालक एकटेच होते. हातात स्क्रूड्रायव्हर, खिशात कोरा खटका. ताईंचं त्यांना पटलं होतं, फक्त पटलेलं कुणाला दिसायला नको होतं. दार त्यांनी सताड उघडं ठेवलं. उंबऱ्यात पेटी ठेवली नाही; ते मालक होते.

बसायला काहीतरी हवं म्हणून ते पेट्यांच्या रांगांमागे गेले आणि तिथेच छातीवर हात धरून खाली बसले. मी त्यांच्या डोक्यावर होतो. बाहेरची गरम हवा आत येत राहिली. यंत्र जीव तोडून घरघरत होतं, तरी माझा पारा चढत होता. पाच, आठ, अकरा, तेरा. मग बाहेर पावलं वाजली. मालक म्हणाले, "अरे," पण इतक्या हळू, की यंत्राच्या आवाजात ते मलाच जेमतेम ऐकू आलं. समोरच्या भिंतीवरचा उजेडाचा पट्टा बारीक होत होत संपला. हात कोणाचा ते मला दिसलं नाही. बाहेरची कडी पडली. पारा मागे फिरला. काडी तेरावर राहिली.

सकाळी दार उघडलं ते ताईंनीच. मालकांचं अंग केव्हाच गार झालं होतं. ताई धावत समोरच्याच चौकीत गेल्या आणि पोलिसांना छायाचित्रकारासकट लगेच घेऊन आल्या. छायाचित्रकाराने भराभर फोटो काढले, त्यात एक माझाही होता. मग एका हवालदाराने मला खिळ्यावरून उचललं.

"अहो, आधी वाचा ना त्याला," ताई म्हणाल्या. "हलवू नका, वाचा आधी."

"वाचू नंतर. कुठे पळून जातोय?"

त्याने मला बाहेर उन्हात नेलं. माझा पारा धावत सुटला. त्याला कसं अडवू? ते माझ्या हातात नाही, तो माझा स्वभाव आहे. तेरा अंशांवरच्या काडीला तो जाऊन भिडला आणि तिला ढकलत ढकलत चौतीसपर्यंत घेऊन गेला. ताईंना वाचवू शकेल अशी एक गोष्ट माझ्यापाशी होती, आणि ती मीच पुसून टाकली. मग पिशवी, लाख, चिठ्ठी. दुपारपर्यंत ताईंनाही कोठडीत नेलं. आरोप होता, भांडणाच्या रागात मालकांना आत कोंडल्याचा.

मित्रांनो, खरं माहीत असून बंद पिशवीत पडून राहणं कसं असतं, ते मी तुम्हांला कुठल्या मापात सांगू? वर्ष गेलं. कारकून यायचे, दिवा लावायचे, काहीतरी न्यायचे, दिवा घालवायचे. खटला हरल्या तर ताई जन्मभर तुरुंगात जाणार होत्या, आणि मी चौतीसचा आकडा घेऊन फळीवर पडलो होतो.

एके दिवशी ताईंच्या वकीलबाई आल्या. बुटक्या, काळ्या कोटावर जाडजूड स्वेटर घातलेल्या, हातात भिंग. पिशवीतूनच त्यांनी मला न्याहाळलं.

"त्याचा काही उपयोग नाही, बाई," कारकून म्हणाले. "चौतीस दाखवतोय. शीतगृहात कुठले आलेत चौतीस?"

"तो बिचारा तुमच्या हवालदाराचं ऊन दाखवतोय," वकीलबाई म्हणाल्या. "हा खिळ्यावर असतानाचा फोटो कुठे मिळेल?"

खटला उभा राहिला तेव्हा पुन्हा तसाच उन्हाळा होता. मला टेबलावर ठेवलं होतं. मागच्या बाकावर ताईंचे म्हातारे वडील रोज येऊन बसायचे, डबा मांडीवर, न उघडलेला. सरकारी वकिलांचं म्हणणं सरळ होतं. सहाच्या सहीनंतर ताईंनी काहीतरी निमित्त काढून मालकांना परत आत बोलावलं, कडी लावली आणि घर गाठलं.

"'तुम्हीच अडकाल' असं तुम्ही म्हणालात की नाही?"

"म्हणाले."

"रागाने?"

"रागानेच. तीन महिने सांगत होते, साहेब. गोडीने किती वेळा सांगायचं?"

वकीलबाईंनी फोटो मोठा करून आणला होता. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी भिंग दिलं. "पारा किती?"

"सहा."

"काडीचं खालचं टोक?"

"तेरा."

"हा फोटो दार उघडल्यावर दहा मिनिटांत काढलाय. तेव्हा खोली तापत होती की गार होत होती?"

"तापत होती."

"तापत तापत ती सहापर्यंत पोचली होती. मग काडीला तेरावर कोणी नेलं?"

अधिकाऱ्यांनी भिंग पुन्हा फोटोवर फिरवलं. मग म्हणाले, "आदल्या दिवसाचं असेल काहीतरी."

वकीलबाईंनी नोंदवही उघडली. सहा वाजता, दोन अंश, काड्या खाली आणल्या, आणि खाली मालकांची सही. म्हणजे त्या सहीनंतर आणि सकाळच्या आधी खोली तेरा अंशांपर्यंत तापली होती. फाटकावर पहारा करणाऱ्या काकांच्या वहीत ताई सहा वाजून पाच मिनिटांनी बाहेर पडल्या होत्या, आणि परत आल्याची नोंद नव्हती.

"पाच मिनिटांत खोली तेराला जात नसेल कशावरून?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"मोजून बघू या की," वकीलबाई म्हणाल्या.

मोजलं. न्यायाधीशांच्या परवानगीने माझं सील तोडलं, काड्या खाली आणल्या आणि मला माझ्या खिळ्यावर टांगलं. पारा दोनवर आल्यावर दार सताड उघडलं, आणि घड्याळ घेऊन सगळे उभे राहिले. त्या दिवशी मी जेवढा नीट चढलो तेवढा कधी चढलो नसेन. तेराला पोचायला एक्केचाळीस मिनिटं लागली. मग पुन्हा पिशवी, पुन्हा लाख.

आता प्रश्न एकच होता. ताई गेल्यावर ते उघडं दार कोणी लावलं? वकीलबाईंनी मालकांच्या मुलाला बोलावलं. कामावरचे सगळे त्यांना धाकटे मालक म्हणत. ताईंवर सर्वांत जास्त राग त्यांचाच होता. साक्ष देतानाही ते ताईंकडे बघत नव्हते.

"त्या संध्याकाळी घरी किती वाजता निघालात?"

"साडेसात-पावणेआठ. शीतगृहावरूनच वाट आहे."

"दार उघडं होतं?"

"आठवत नाही."

"उघडं असतं तर?"

"तर लावलं असतं. ते काय विचारायचं?"

"आत बघून?"

"नाही हो बाई. पेटी नसली की लावायचं. बघत बसलं तर गारवा जातो. आमचे बाबा..."

वकीलबाईंनी घाई केली नाही.

"दिवसातून किती वेळा लावता ते दार?"

"दहा वेळा. पंधरा. कोण मोजतंय?"

"त्यातली एखादी तरी वेळ आठवते का तुम्हांला?"

धाकट्या मालकांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात त्यांनी कठड्यावरून काढून मांडीवर ठेवला. "एकही नाही," ते म्हणाले.

"मला आणखी काही विचारायचं नाही," असं म्हणून वकीलबाई खाली बसल्या, आणि भिंग पुसत राहिल्या.

ताई सुटल्या. धाकट्या मालकांना कोणी शिक्षा केली नाही. ज्याला आपण काय केलं हे ठाऊकच नव्हतं त्याला कसली शिक्षा, असं न्यायाधीश म्हणाले. मला खाली नेत होते तेव्हा जिन्यात धाकटे मालक भिंतीला टेकून उभे होते. ताई वडिलांचा हात धरून उतरत होत्या. त्या एक पायरी थांबल्या.

"उंबऱ्यात पेटी नव्हती," त्या म्हणाल्या. "मीही लावलंच असतं."

धाकट्या मालकांनी मान हलवली.

त्यालाही आता बरेच महिने झाले. मी इथेच आहे. काल धाकटे मालक वडिलांच्या वस्तू न्यायला आले. चष्मा, घड्याळ, स्क्रूड्रायव्हर, कोरा खटका. प्रत्येक वस्तूपुढे त्यांनी सही केली.

"हा तापमापकही तुमचाच," कारकून म्हणाले. "नेताय?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "नको," म्हणाले. "बघवत नाही त्याच्याकडे."

कारकुनांनी दिवा घालवला आणि दार ओढलं. तेवढ्यात धाकट्या मालकांनी दारात हात घातला. दार परत उघडून ते आत आले, मांडण्यांच्या मधून शेवटच्या भिंतीपर्यंत चालत गेले, आणि अंधारात विचारलं, "कोणी आहे का आत?"

"अहो, इथे कोण असणार?" कारकून बाहेरून हसले.

तरीही ते उत्तरासाठी थांबले. मी तिसऱ्या फळीवर होतो, त्यांच्या खांद्याजवळ. मग ते गेले, आणि दार लागलं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी कितीतरी दारं तुम्ही रोज सवयीने लावत असाल. लावण्याआधी आत एकदा बघा. हाक मारा. आणि हाक मारून लगेच वळू नका, थोडं थांबा. आत असलेल्याला उत्तर द्यायला कधी कधी वेळ लागतो.