पाचदा चुकलं की दार बंद

कानिफनाथाचा पयला दात टेबलावर टप्पा खाऊन माझ्या पदरात पडला. अजून गरम हुता. दुसरा खिडकीतनं भाईर गेला, तो कोंबडीनं गिळला. ती कोंबडी आजबी दाना चावून खाती.

पर आधी काम्प्युटरचं सांगते, न्हाईतर तुमाला वाटंल छबूबाईनंच भांडान लावलं.

मिरजगावच्या खालतीकडं आमचं गाव, कालव्याच्या पार शेपटाला. वरच्या अंगाला अंगदचा ऊस. खाली माझी लिंबुनी आन् तिच्या बांधाला लागून कानिफनाथाची मका. कानिफनाथ आमच्या पानी वापर संस्थेचा सेक्रेटरी. पान्याची पाळी कुनाची, ती यादी त्याच्याकडं. नेम असा, की पानी आधी शेवटाला द्यायचं, मग वर सरकत जायचं. पर वहीतलं पान कुनीबी फाडायचं, आन् दरसाली पानी अंगदच्या उसातच जिरायचं. दोन आवर्तनं मला थेंब मिळाला न्हवता. पानं वळाया लागल्याली. ह्या टायमाला पानी न्हाई आलं, तर लिंबुनी सरपनाला.

म्हनून संस्थेनं काम्प्युटर घेतला. मिरजगावच्या गनीभाईची पोरगी मुबश्शिरा, तिनं बसवला. म्हनली, "सेक्रेटरीचं खातं येगळं, त्यातनं यादी बदलता येती. कालव्याचं पानी सोडनाऱ्या पाटकऱ्याचं खातं येगळं, त्याला नुसती बघता आन् छापता येती. आता पासवर्ड ठरवा."

ठरवा म्हनल्यावर संचालकांनी काय करावं? मीटिंग बोलावली! ठराव नंबर चार: सेक्रेटरीच्या खात्याचा पासवर्ड 'जयकिसान' आन् म्होरं एक असावा. सूचक अंगद. अनुमोदक चेअरमन. सर्वानुमते मंजूर. प्रोसिडिंगात लिवला, मोठ्यांदा वाचून दाखवला, सह्या झाल्या.

मुबश्शिरानं टेस्ट घेतली. एकेकाला खुर्चीत बसवलं, म्हनली उघडून दावा. बाराच्या बारा संचालकांनी उघडलं. चेअरमननं टाळ्या वाजवल्या. "टेस्ट पास!"

"काका, सगळ्यांनाच उघडलं म्हंजी टेस्ट नापास झाली!"

"असं कसं? ठराव झालाय, पोरी."

तिनं कपाळावर हात मारला. मंडळी चहाला गेली, तवा मला जवळ बोलावलं. मी सकाळधरनं तितंच बसल्याले, माझी पाळी यादीत पयली लागली का न्हाई ते बघाया.

"छबूआजी, नवा शब्द तुमी ठरवा. उद्या कानिफनाथदादाला एकट्याला सांगायचा. जमंल?"

माझ्या पोटात लबाडी लई ऱ्हाती, म्हनून खरं ठेवाया कोन येत न्हाई. पर पोरगी आली. मी मेलेल्या म्हशीचं नाव दिलं, गुलछडी, आन् म्होरं तिची वेतं, सात.

मग तिनं मुद्दाम पाच बार चुकीचा शब्द मारला. काम्प्युटरनं दार लावून घेतलं. मग तिनं 'गुलछडी सात' मारलं, तरी न्हाईच.

"बघा आजी, आता खऱ्यालाबी न्हाई म्हनतोय. पाचदा चुकलं की अर्धा तास असाच. मग परत पाच."

दुसऱ्या दिवशी अकराला मी हापिसात गेले. कानिफनाथ टेबल पुसत हुता, चेअरमन पेपर वाचत हुता. मी त्येच्या कानाशी वाकले, तेवढ्यात अंगद आत आला. हातात फावडं. मागनं त्येचे दोन गडी, त्यांनी दार लावलं. चेअरमन मागच्या खिडकीतनं पळाया गेला तो पोटापाशी अडकला, अर्धा हापिसात, अर्धा गावात. भाईरच्या अर्ध्यानं आरडून गाव गोळा केलं, पर फावडं बघून कुनी पुढं येईना.

"पाटकरी बाराला यादी छापनार," अंगद म्हनला. "त्याच्या आत माझं नाव वर पायजे. उघड."

कानिफनाथानं ठरावातला शब्द मारला. न्हाई उघडला. परत मारला. न्हाई.

"अंगदभाऊ, आईच्यान, हाच हाय. ठराव झालाय."

अंगदनं फावड्याचा दांडा आडवा फिरवला. तवाच ते दात गेले. रगताची चिळकांडी पंख्यावर उडाली, पंखा फिरता हुता, सगळ्या माजी चेअरमनांच्या फोटोंला एकेक टिकली बसली. कानिफनाथ खाली कोसळला. अंगदनं त्येच्या बरगडीत लाथ घातली, एक, दोन, तीन. आतनं वाळलं लाकूड मोडल्यावानी आवाज आला.

"त्येला न्हाई ठावं," मी म्हनले. "मला हाय."

अंगद वळला. "म्हातारे, तू? बोल."

आता खरं सांगितलं असतं तर मानूस वाचला असता आन् लिंबुनी गेली असती. मी म्हनले, "माझ्या सासऱ्यानं पान्याच्या हौदात वाघ बुडवून मारला हुता, त्यावर हाय. वाघमारे."

गड्यानं मारला. न्हाई.

अंगदनं कानिफनाथाचा डावा हात धरून करंगळी मागं वाकवली. कट्. त्येची किंकाळी ऐकून शेवगावच्या बाजारातली बैलं उठून उभी ऱ्हायली असतील.

"चुकले, चुकले! माझ्या लग्नात वरमाईनं एका दमात नव्वद लाडू खाल्ले, त्यावर हाय. लाडूनव्वद."

न्हाई. दुसरं बोट. तिसरं. कानिफनाथ माझ्याकडं बघत हुता. त्येचा एक डोळा सुजून बंद, उघड्या डोळ्यात रगत. तोंडानं काय बोलता येईना, नुसतं लाल बुडबुडं येत हुते.

"आजे, शेवटचं इचारतो."

"मिरची," मी म्हनले. "नुसतं मिरची."

न्हाई.

पडद्यावर कायतरी इंग्रजी आलं. अंगदनं वाचलं न्हाई. त्येनं कानिफनाथाला कॉलर धरून वर ओढला, त्येचा उजवा हात टेबलावर ठेवला आन् फावड्याचं पातं मनगटावर टेकवलं. दोन्ही हातांनी फावडं वर उचललं.

तितं माझी लबाडी सपली. खरंच सांगते. लिंबुनी जाऊ दे, पान्याला आग लागू दे, मला त्यो हात दिसला फकस्त. मी आरडले, "गुलछडी सात! माझी म्हस! तुझ्या पाया पडते, मारून बघ!"

गड्यानं मारलं. न्हाई.

कुनाची चूक किती, ते मोजायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हवतं. कानिफनाथाच्या दोन, माझ्या तीन. दार कवाच बंद झाल्यालं.

"थेरडे, अजून खेळतीस?" अंगद म्हनला, आन् फावडं खाली आलं.

पातं आडवं पडलं म्हनून हात तुटला न्हाई. पर हाडाचा भुगा झाला. कानिफनाथ आरडलाबी न्हाई. नुसता घसरला खाली.

मग अंगदनं फावडं काम्प्युटरच्या डब्यावर उगारलं. मी डब्याला मिठी मारली. दांडा माझ्या खांद्यावर बसला, मग कोपरावर. तोंडात चार दात हायेत माझ्या, चारी त्येच्या पोटरीत रोवले. त्येनं मला लाथेनं भितीवर फेकली, माझ्या तोंडात त्येच्या मांसाचा तुकडा ऱ्हायला. त्यो मी थुंकला. गडी तेवढं बघूनच दार उघडून पळाले, आन् उघड्या दारातनं सगळं गाव आत शिरलं. अंगदला त्येच्याच फावड्यानं हानला. मी थांबवलं न्हाई.

बाराला पाटकरी आला. रगतात पाय घसरला त्येचा. खुर्ची पुसून बसला, त्येच्या येगळ्या खात्यातनं काम्प्युटर गुमान उघडला, यादी छापली. पयलं नाव माझं. दुसरं कानिफनाथाचं.

अंगदला पोलिसांनी नेला. कानिफनाथाला नगरच्या दवाखान्यात टाकला. दोन्ही हात पलस्तरात. मी भेटाया गेले तवा त्येनं तोंड भितीकडं केलं.

"आजी, पान्यासाठी माझा हात दिलास."

"बाबा, शेवटचं खरं हुतं रं. काम्प्युटरनं दार लावल्यालं."

"तुझं खरं कवा असतं?"

मुबश्शिराला साक्षीला आनता आलं असतं. तिनं सगळं समजावलं असतं त्येला. पर पयल्या तीन टायमाचं ती काय समजावनार? ते खोटंच हुतं, आन् जानून बुजून हुतं.

पानी आलं. मला बारा तास, कानिफनाथाला सहा. माझा एक हात गळ्यात बांधल्याला. त्येच्या मकेला पानी द्याया घरात कोन न्हाई, बायको दवाखान्यात त्येच्यापाशी. मी आठव्या तासाला माझ्या पाटाचं तोंड बुजवलं आन् चिखलात बसून, एका हातानं, सगळं पानी मकेकडं वळवलं. मका सरीसरीनं भिजली. त्येच्या सहा तासांत माझे चार मिळवले तवा कुठं शेवटच्या वाफ्याला पोचलं. मका तुऱ्यात आल्याली, गळ्याएवढी.

माझ्या लिंबुनीच्या कडंची अकरा झाडं कोरडी ऱ्हायली. महिन्यात वाळली. परवा तोडली.

कानिफनाथाला वाटतंय पाटकऱ्यानं पानी दिलं. वाटू द्या.