उलटी प्रदक्षिणा

थिओडोरा कुबिआकच्या पुस्तकांत पानांवर आकडे नसत. "ही काय शाळेची वही आहे?" असं ती विचारायची, आणि अशा नजरेने की आकडे मागणाऱ्यालाच आपण अजून शाळेत असल्यासारखं वाटायचं. तिला आम्ही सगळे टेडी म्हणायचो. तिच्या या हट्टापायी जे घडलं ते मी त्रेपन्न वर्षं पोटात ठेवलं, आणि माझ्या पोटात सहसा काही राहत नाही.

टेडी पेनसिल्व्हेनियातल्या कोळसाखाणीच्या गावची. न्यूयॉर्कला आली ती एका विमा कंपनीत टायपिस्ट म्हणून. मी लिओना, शेजारच्या टेबलावर. दिवसभर आम्ही लोकांच्या मोडलेल्या हाडांचे आणि जळलेल्या घरांचे अर्ज टाइप करायचो, आणि संध्याकाळी ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवर तिच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत तिच्या कविता. कविता तरी कसल्या! एकदा तिने वर्षभर रोज रस्त्यात कानावर पडलेलं पहिलं वाक्य टिपून ठेवलं आणि तेच पुस्तक म्हणून काढलं. एकदा एक कविता पाच जणांकडून एकाच वेळी वाचून घेतली. ऐकायला सात माणसं होती, त्यातला एक गॅसचा मीटर बघायला आलेला. तो म्हणाला, "बाई, एकेकाने बोला, म्हणजे काय झालंय ते तरी कळेल." टेडीला ही दाद इतकी आवडली की पुढच्या वाचनाला तिने त्याला आवर्जून बोलावलं. तो आलाही, बायकोला घेऊन.

मला त्या कवितांतलं निम्मं कळत नसे. पण ही बाई आता पुढे काय करणार, ही उत्सुकता मात्र कधी सुटली नाही. नोकरी सुटली, नवरा सुटला, ती नाही.

आमची पुस्तकं घरीच निघायची. स्टेन्सिल मी टाइप करायची. कोपऱ्यावरच्या चर्चचं सायक्लोस्टाईल यंत्र शनिवारी मिळायचं, आणि रविवारी जुळणी. दोन जुनी दारं खोक्यांवर आडवी टाकून लांबलचक टेबल करायचं. त्याच्या चहूबाजूंनी कडेकडेने पानांचे गठ्ठे क्रमाने मांडायचे. जमलेल्या मित्रांनी एकामागोमाग टेबलाभोवती चालायचं आणि प्रत्येक गठ्ठ्यातलं एकेक पान उचलून हातातल्या पानांखाली सरकवायचं. एक फेरी, एक पुस्तक. शेवटी एकाने बसून कव्हर घालायचं आणि पिना मारायच्या. मेहनताना म्हणून टेडीच्या हातचं बीटचं सूप, राय धान्याचा काळपट पाव आणि बिअर. त्या भागातले निम्मे कवी या सुपावर जगले, आणि उरलेल्या निम्म्यांनी डबे भरून नेले.

सहासष्ट साली तिने 'एक हातमोजा' लिहिली. तिचा धाकटा भाऊ स्टॅश एकोणिसाव्या वर्षी, जानेवारीत, गावच्या तळ्यावर स्केटिंगला गेला, बर्फ फुटलं आणि तो बुडाला. त्या गोष्टीला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि टेडी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. कविता बावीस पानांची. प्रत्येक पानावर त्या दिवसांतली एकच गोष्ट. पहिल्या पानावर स्टॅश स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारतो, "आई, माझा दुसरा हातमोजा कुठाय?" शेवटच्या पानावर मातीला आलेल्या माणसांच्या काळ्या कोटांचा पलंगावर पडलेला ढीग. तिच्या कवितेने मी रडले ती तेव्हाच. टाइप करताना दोनदा उठून तोंड धुवावं लागलं.

जुळणीला शंभर प्रती जेवणाआधी झाल्या. जेवणानंतरच्या शंभरांना रांगेत पहिली मी लागले. आता मी पडले डावखुरी. उजव्या हाताची माणसं टेबल उजवीकडे ठेवून चालतात. मी ते डावीकडे ठेवलं आणि निघाले. माझ्यामागे सात कवी. एकेक जण जगाच्या रूढी मोडायला निघालेला, पण पुढची बाई वळेल तिकडे मुकाट वळणारा. पहिला गठ्ठा आणि शेवटचा गठ्ठा टेबलावर शेजारीशेजारी होते, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. शंभर पुस्तकं शेवटाकडून सुरुवातीकडे लागली. आधी कोटांचा ढीग, आणि सगळ्यांत शेवटी स्टॅश दारात उभा. आकडे असते तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मला कळलं ते महिन्याभराने, वर्तमानपत्रात. एका बड्या समीक्षकाच्या हाती उलटी प्रत गेली होती. त्याने लिहिलं होतं, कुबिआकने मरणाचं घड्याळ उलटं फिरवलं आहे, अमेरिकन कवितेत असं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं. स्टेन्सिल मीच टाइप केलेल्या, खरा क्रम मला तोंडपाठ. पेपर घेऊन चार मजले धावत चढले. टेडीने उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "असं म्हणतोय होय." मग सूप ढवळायला गेली. बस्स. इतकंच.

पुढे सगळं त्या उलट्या कवितेने दिलं. कॉलेजांतून बोलावणी आली, पारितोषिकं आली, विमा कंपनीला रामराम झाला. पाठ्यपुस्तकांत ती उलटीच छापली गेली. सुलट्या शंभर प्रती कुठे कुणाच्या माळ्यावर पडल्या देव जाणे. टेडीने दुरुस्ती कधी केली नाही. आणि मी, तिची सगळ्यांत जुनी मैत्रीण, मनातल्या मनात तिला दोष देत राहिले: नावासाठी हिने भावाचं मरण फिरवू दिलं. माझी चूक सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तिची चूक धरून बसले. माणूस असा असतो, निदान मी तरी आहे.

त्यानंतरच्या प्रत्येक जुळणीला तिने मला पिनांवर बसवलं. "डावरे, तू रांगेत नको. तुझ्या पिना सरळ बसतात." मला त्याचा अभिमान होता.

गेल्या नोव्हेंबरात सकाळीच तिचा फोन आला. "ये. पोराला काहीतरी सापडलंय. कागद हातात धरून बसलाय, कॉफीलाही शिवेना."

पोर म्हणजे कॅलेब हार्टविग. चाळिशीचा प्राध्यापक, टेडीच्या समग्र कवितेचा संपादक. टेडी चौऱ्याऐंशीची, तिला सगळेच पोरं. विद्यापीठाने जपायला नेलेल्या तिच्या कागदांच्या खोक्यांत त्याला पेन्सिलीने केलेली पानांच्या क्रमाची यादी मिळाली होती: 'एक हातमोजा', एक ते बावीस.

"मिस कुबिआक, हे अक्षर तुमचं नाही," तो म्हणाला.

"इतकं वाईट नाहीच माझं."

"माझं आहे," मी म्हणाले. स्टेन्सिल करताना मीच ती केली होती.

कॅलेब उठून उभा राहिला. "म्हणजे पन्नास वर्षं आपण ही कविता उलटी शिकवतोय! मी स्वतः तीनशे पानांचा प्रबंध लिहिलाय तिच्यावर."

"वाचलाय मी," टेडी म्हणाली. "पानांना आकडे होते म्हणून वाट सापडली."

"थट्टा नका करू. मंगळवारी पुस्तक छापायला जातंय. त्यात जो क्रम जाईल तोच कायमचा राहणार. खरा क्रम कोणता, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही."

टेडीने खिडकीकडे तोंड फिरवलं. मला ते सहन होईना. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "जेवणानंतर रांगेत पुढे मी होते. मी उलटी फिरले. टेडी, मी तुला सांगायला हवं होतं."

"अगं, मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"टेबल डावीकडे ठेवून चालणारं त्या खोलीत दुसरं कोण होतं? उगाच का तुला जन्मभर पिनांवर बसवली?"

"सरळ बसतात म्हणालीस!"

"सरळ कुठल्या! वाचणाऱ्याच्या बोटात घुसायच्या."

कॅलेब हसला नाही. मीही नाही. "मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला. "तो पेपर आला तेव्हा एका शब्दाने..."

"पेपर मंगळवारी आला," टेडी म्हणाली. "आईचा फोन त्याच्या आधीच्या रविवारी आला."

मग तिने सांगितलं. जुळणीच्या दुसऱ्या दिवशी वरची एक प्रत उचलून तिने न उघडता गावी आईला पाठवली होती. आई परदेशातून आलेली, तिचं इंग्रजी जेमतेम. ती रोज न्याहारीनंतर एक पान वाचायची, बोट ठेवून. पहिल्या दिवशी कोट. मग थडगं, मग पाद्री, मग तळं. बावीस दिवस. आईने जन्मात कधी लांबचा फोन स्वतःहून लावला नव्हता, त्या रविवारी शेजारणीकडे जाऊन लावला.

"म्हणाली, 'थिओडोरा, आज संपलं. तो दारात उभा आहे.' मी म्हटलं, आई, ते असं नाहीये. पण ती ऐकायला तयार होती कुठे! म्हणाली, 'हातमोजा स्टोव्हच्या मागे पडला होता गं. त्या दिवशी मला सापडला नव्हता. आज दिला मी त्याला.'"

खाली कचऱ्याची गाडी खडखडत आली.

"पाच वर्षं जगली नंतर," टेडी म्हणाली. "चूक दुरुस्त करायची म्हणजे त्या बाईला परत सांगायचं की तो गेला. माझ्याच्याने झालं नाही. मग ती गेल्यावर वाटलं, आता कशाला."

इतकी वर्षं मी तिच्याबद्दल काय समजत होते, ते आठवून मला तोंड लपवावंसं वाटलं. कॅलेबने विचारलं, "मग मी काय छापू?"

"उलटीच छाप. आईने वाचली तशी. मागे टीप टाक खुशाल, की जुळणीला एक डावखुरी बाई पुढे होती. नाव घाल तिचं. जन्मभर फुकट सूप प्यायलीये."

त्याने यादी माझ्या हातात दिली आणि गेला. मी कपबश्या विसळल्या. मग पदरात काय पडेल ते पडो म्हणून विचारूनच टाकलं, "आणि तू? तू एकटी असतेस तेव्हा कशी वाचतेस?"

"सुलटी," ती म्हणाली. "दर जानेवारीत. आईने त्याला घरात घेतला ना. मग पोचवायला कुणीतरी नको?"